खांद्यावरचे ओझे आणि पाठीतले दुखणे

दरवर्षी मे महिन्याच्या सुट्ट्या संपल्या की बाह्यरुग्ण विभागात मान आणि खांदा धरून येणाऱ्यांमध्ये प्रवासाहून परतलेले दोन-चार जण हमखास असतात. बसमध्ये अवघडून झोप झाली, सामान उचलले, अशी कारणे ते सांगतात. थोडे खोदून विचारले की कळते, आठ दिवस गळ्यात मोठा कॅमेरा होता आणि पाठीवरच्या पिशवीत त्याच्या लेन्स. प्रवासासाठी कोणता कॅमेरा घ्यावा, असे कोणी मला विचारलेच तर मी एवढेच सांगतो: जो खिशात मावेल, जो हरवला तर महिन्याचा खर्च कोलमडणार नाही आणि जो जवळ आहे याचा दिवसभर विसर पडेल, तो घ्या. मेगापिक्सेलचा हिशोब त्यानंतर.

हा शहाणपणा माझा नाही. जवळजवळ दीडशे वर्षांपूर्वी अमेरिकेतील एका बँकेच्या कारकुनाला सहलीला जाताना हाच प्रश्न पडला होता. त्याचे उत्तर शोधण्यात त्याने आयुष्य घालवले आणि जगाच्या खांद्यावरचे ओझे उतरवले. स्वतःच्या पाठीतल्या दुखण्यावर मात्र त्याला उत्तर मिळाले नाही. जॉर्ज ईस्टमन हे त्याचे नाव. कोडॅक कंपनीचा हा संस्थापक.

जॉर्जचा जन्म १२ जुलै १८५४ रोजी न्यूयॉर्क राज्यातील वॉटरव्हिल या गावी झाला. वडिलांनी रॉचेस्टर शहरात हिशेबनीस आणि कारकून तयार करणारे छोटे महाविद्यालय काढले होते. १८६२ मध्ये वडील वारले, तेव्हा जॉर्ज आठ वर्षांचाही नव्हता. आई मारिया यांनी घरात पैसे देऊन राहणारी माणसे ठेवली आणि त्या उत्पन्नावर तीन मुले वाढवली. दोन मोठ्या बहिणींपैकी केटी हिला पोलिओ झाला होता, ती चाकाच्या खुर्चीत असे. जॉर्ज सोळा वर्षांचा असताना तीही गेली. घरातला अपंग माणूस, त्याची उठबस करणारी आई आणि पैशाची ओढाताण हे या मुलाने फार जवळून पाहिले. पुढच्या आयुष्यात इतरांवर अवलंबून राहण्याची जी भीती त्याच्या मनात दिसते, तिचे मूळ कदाचित या घरात असावे.

चौदाव्या वर्षी शाळा सुटली. एका विमा कार्यालयात निरोप पोचवण्याचे काम मिळाले, पगार आठवड्याला ३ डॉलर. हिशेब शिकत शिकत १८७४ मध्ये तो रॉचेस्टर सेव्हिंग्ज बँकेत कनिष्ठ कारकून झाला. तिथे आठवड्याला १५ डॉलर मिळू लागले. घर जरा स्थिरावले.

१८७७ मध्ये, तेविसाव्या वर्षी, त्याने कॅरिबियन समुद्रातील सँटो डोमिंगोला जायचे ठरवले. एका सहकाऱ्याने सुचवले, की तिथले फोटो काढून आण. जॉर्जने त्या काळचे सगळे साहित्य विकत घेतले. कॅमेरा भल्या मोठ्या पेटीएवढा. त्याला जड तिवई. शिवाय काचांच्या पट्ट्या, रसायनांच्या बाटल्या, काचेची भांडी, पाण्याचा जार आणि अंधार करण्यासाठी चक्क एक तंबू. हे वापरायचे कसे, हे शिकण्यासाठी ५ डॉलरची शिकवणीही लावावी लागली.

एवढे लटांबर का लागे? तेव्हा ओल्या काचेची पद्धत होती. काचेवर कोलोडियन नावाचा चिकट द्रव पसरायचा. आम्हा डॉक्टरांना हे नाव परिचित आहे, कारण हाच द्रव जखमेवर पातळ पापुद्रा धरण्यासाठी वापरला जात असे. त्यात ईथर असते, तेच पूर्वीचे भुलीचे औषध. कोलोडियन लावलेली काच सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची. अंगावर पडले तर कातडी काळी करणारे हे रसायन. मग काच ओली असतानाच फोटो घ्यायचा आणि वाळण्याच्या आत ती धुवायची. सगळे काही मिनिटांत. म्हणजे फोटो काढणाऱ्याला आपली प्रयोगशाळा पाठीवर घेऊनच हिंडावे लागे.

सँटो डोमिंगोची सहल झालीच नाही. पण फोटोचा नाद लागला आणि त्याबरोबर एक प्रश्न डोक्यात बसला: हे ओझे एवढे असायलाच हवे का?

याचे अर्धे उत्तर एका डॉक्टरने आधीच देऊन ठेवले होते. इंग्लंडमधील रिचर्ड लीच मॅडॉक्स हे डॉक्टर सूक्ष्मदर्शकातून दिसणाऱ्या गोष्टींचे फोटो काढत. बंद खोलीत ईथरची वाफ छातीत जाऊन त्यांची तब्येत बिघडू लागली. म्हणून त्यांनी कोलोडियनऐवजी जिलेटिन वापरून पाहिले आणि १८७१ मध्ये ती माहिती छापली. जिलेटिन म्हणजे जनावरांची हाडे आणि कातडी उकळून निघणारा पदार्थ, औषधाच्या कॅप्सूलचे आवरण ज्याचे असते तोच. त्यात चांदीचे क्षार मिसळून काचेवर लेप दिला, की तो वाळल्यावरही काम देतो. इतरांनी ही पद्धत सुधारली. काच आधी तयार करून ठेवता येऊ लागली. तंबू आणि बाटल्यांची गरज संपली. एका डॉक्टरच्या आजारपणातून फोटोग्राफी सुटसुटीत झाली, असे म्हणायला हरकत नाही.

इंग्लंडच्या नियतकालिकांत जॉर्जने या कोरड्या काचांविषयी वाचले. दिवसभर बँक आणि रात्री आईच्या स्वयंपाकघरात प्रयोग, असा क्रम सुरू झाला. कधी चुलीजवळ जमिनीवरच अंथरूण टाकून तो झोपे. काचांवर सारखा लेप देणारे यंत्र त्याने बनवले आणि त्याचे पेटंट १८७९ मध्ये लंडनमध्ये, १८८० मध्ये अमेरिकेत घेतले. १ जानेवारी १८८१ रोजी हेन्री स्ट्राँग या व्यावसायिकाबरोबर भागीदारी झाली आणि त्याच वर्षी सप्टेंबरात त्याने बँकेची नोकरी सोडली.

लगेचच १८८२ मध्ये धंदा बुडायची वेळ आली. विकलेल्या काचा बाजारात खराब निघू लागल्या. ईस्टमन यांनी त्या परत घेऊन पैसे किंवा नवा माल दिला, कारखाना थांबवला आणि कारणाचा शोध घेतला. दोष जिलेटिनमध्ये निघाला. चांगले आणि वाईट जिलेटिन यांत नेमका फरक काय, हे कळायला पुढे चाळीस वर्षे गेली. १९२० च्या दशकात कोडॅकचेच शास्त्रज्ञ सॅम्युएल शेपर्ड यांनी दाखवले, की जिलेटिनमध्ये गंधकयुक्त पदार्थ अत्यल्प प्रमाणात असतील तर फिल्म प्रकाशाला जास्त संवेदनशील होते. मोहरीचा झणका ज्याने येतो, त्याच जातीचे हे पदार्थ. ज्या जनावराच्या कातडीचे जिलेटिन, त्याने काय खाल्ले यावर फोटो अवलंबून होता.

तंबू गेला तरी काच उरलीच होती. काच जड आणि फुटणारी. ईस्टमन यांनी आधी कागदाची, नंतर पारदर्शक लवचीक फिल्मची गुंडाळी आणली. १८८८ मध्ये त्यांचा पहिला ‘कोडॅक’ कॅमेरा बाजारात आला. या शब्दाला काही अर्थ नाही. ईस्टमन यांना के हे अक्षर आवडे, म्हणून त्यांनी तो बनवला. साधारण साडेसहा इंच लांबीची ती लाकडी पेटी हातात धरता येई. आत शंभर फोटोंची गुंडाळी भरूनच मिळे. नेम धरायला खिडकीसुद्धा नव्हती, वर फक्त दिशा दाखवणाऱ्या रेघा. दोरी ओढायची, बटण दाबायचे, किल्ली फिरवायची. शंभर फोटो संपले की कॅमेराच रॉचेस्टरला पाठवून द्यायचा. १० डॉलर घेऊन कंपनी फोटो धुऊन, छापून, नवी गुंडाळी भरून तो परत करी. फोटो काढणे आणि फोटो तयार करणे ही कामे वेगळी केली, हा खरा शोध. लोकांनी फक्त बघायचे आणि बटण दाबायचे, बाकीचे कंपनी पाहील.

पण या कॅमेऱ्याची किंमत २५ डॉलर होती. ईस्टमन बँकेत लागले तेव्हाच्या पगाराशी ताडून पाहिले, तर एका कारकुनाची जवळपास दोन आठवड्यांची कमाई. हलका झाला, स्वस्त झाला नाही. ते काम १९०० मध्ये ‘ब्राउनी’ने केले. फ्रँक ब्राउनेल यांनी बनवलेली ही पुठ्ठ्याची पेटी, साधे भिंग आणि किंमत १ डॉलर. सहा फोटोंची फिल्म १५ सेंटला. विमा कार्यालयातल्या त्या ३ डॉलरवाल्या पोऱ्याला दोन दिवसांच्या मजुरीत कॅमेरा मिळाला असता. पहिल्याच वर्षी लाखाहून अधिक ब्राउनी विकल्या गेल्या. तोवर फोटो म्हणजे स्टुडिओत ताठ बसून, श्वास रोखून काढून घ्यायची गोष्ट होती. आता आई, मूल, कुत्रा, समुद्रकिनारा, पडलेले दात घेऊन हसणारे नातवंड, सगळे त्यात आले. माझ्या पिढीच्या घरांत ‘क्लिक थ्री’ नावाचा जो काळा डबा कॅमेरा असे, तोही याच वंशातला. गंमत म्हणजे पहिला डिजिटल कॅमेराही कोडॅकच्याच प्रयोगशाळेत १९७५ मध्ये तयार झाला. त्याचे वजन होते सुमारे साडेतीन किलो. तो खिशात मावेपर्यंत आणखी वीसेक वर्षे लागली, आणि त्या लाटेत खुद्द कोडॅकला २०१२ मध्ये दिवाळखोरीच्या कायद्याचा आसरा घ्यावा लागला.

आम्हा डॉक्टरांवर ईस्टमन यांचे वेगळे ऋण आहे. राँटजेन यांच्या क्ष-किरणांची बातमी १८९६ च्या सुरुवातीला जगभर पसरली आणि त्याच वर्षी कोडॅकने क्ष-किरणांसाठी साहित्य पुरवायला सुरुवात केली. पुढची शंभर वर्षे मोडलेले हाड आणि क्षयाने पोखरलेले फुप्फुस आम्ही पाहिले ते फिल्मवरच. या फिल्मची एक काळी बाजूही आहे. सुरुवातीची फिल्म नायट्रोसेल्युलोजची होती, अतिशय ज्वालाग्राही. १९२९ मध्ये अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये साठवलेल्या क्ष-किरण फिल्म पेटल्या आणि विषारी वायूने १२० हून अधिक माणसे मेली. त्यानंतर न पेटणारी फिल्म वापरण्याचा आणि फिल्म साठवण्याचे नियम पाळण्याचा आग्रह वाढला.

ईस्टमन व्यवहारात सरळच होते असेही नाही. लवचीक फिल्मचा अर्ज हॅनिबल गुडविन या पाद्र्याने त्यांच्या आधी केला होता. वर्षानुवर्षे खटला चालला आणि अखेर १९१४ मध्ये कोडॅकला ५० लाख डॉलर मोजावे लागले. तोवर गुडविन हयात नव्हते. बाजार एकट्याच्या मुठीत ठेवल्याबद्दल सरकारनेही कंपनीला न्यायालयात खेचले होते.

मिळवलेला पैसा मात्र त्यांनी जिवंतपणी वाटला. एकूण दान सुमारे १० कोटी डॉलर. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीला ते अनेक वर्षे ‘मिस्टर स्मिथ’ या खोट्या नावाने पैसे देत राहिले. रॉचेस्टर विद्यापीठात वैद्यकीय आणि दंतवैद्यक शाळा उभी राहिली. त्यांचे विशेष लक्ष होते मुलांच्या दातांकडे. किडलेल्या दातांमुळे मूल नीट खात नाही, झोपत नाही, शाळेत मागे पडते, आणि वेळेवर थोडा खर्च केला तर हे सगळे टळते, असा त्यांचा हिशेबी विचार होता. १९१७ मध्ये रॉचेस्टरला गरीब मुलांसाठी दंत दवाखाना सुरू झाला. मग लंडन, रोम, पॅरिस, ब्रुसेल्स आणि स्टॉकहोम येथेही त्यांच्या पैशातून असेच दवाखाने निघाले. सरकारी रुग्णालयात गालफड सुजलेले मूल तिसऱ्यांदा येते, तेव्हा या माणसाची दृष्टी किती पुढची होती हे जाणवते.

त्यांनी लग्न केले नाही. आई त्यांच्याबरोबरच राहिली. तिचीही अखेरची दोन वर्षे चाकाच्या खुर्चीत गेली आणि १९०७ मध्ये ती वारली. स्वतः ईस्टमन हिंडण्याफिरण्याचे शौकीन होते. युरोपात सायकलवरून फिरले, रानात तंबू ठोकून राहिले. सत्तरी ओलांडल्यावर १९२६ आणि १९२८ मध्ये आफ्रिकेच्या जंगलातही जाऊन आले.

आणि मग पाठ धरली. शेवटच्या दोन वर्षांत कण्याच्या खालच्या भागातील विकाराने त्यांना उभे राहणे कठीण झाले. पाय घासत, अडखळत चालावे लागे. वेदना सतत होती. भेटीगाठी कमी झाल्या, मन खचत गेले. मृत्युपत्राची शेवटची व्यवस्था लावून झाल्यावर १४ मार्च १९३२ रोजी, वयाच्या ७७ व्या वर्षी, त्यांनी स्वतःचे जीवन संपवले.

त्यांच्या चरित्रात हा प्रसंग अनेकदा अशा सुरात सांगितला जातो, की कर्तबगार माणसाने आपले काम पुरे झाले असे ठरवून शांतपणे निरोप घेतला. डॉक्टर म्हणून मला हा सूर मान्य नाही. मला त्यात दिसतो तो वर्षानुवर्षांच्या वेदनेने आणि उपचार न झालेल्या नैराश्याने थकलेला एक वृद्ध रुग्ण. त्याने बहिणीला आणि आईला चाकाच्या खुर्चीत पाहिले होते आणि आपलीही पाळी आली, असे त्याला वाटले असावे.

त्यांच्या लक्षणांवरून आज बहुतेकांचा कल ‘स्पायनल स्टेनोसिस’ या निदानाकडे आहे. वयानुसार मणक्यांमधल्या चकत्या झिजतात, सांध्यांवर हाड वाढते, बंध जाड होतात आणि नसा ज्या पोकळीतून जातात ती अरुंद होते. अशा रुग्णाला थोडे चालले की पाय भरून येतात, जड होतात, मुंग्या येतात. बसले किंवा पुढे वाकले की बरे वाटते. सायकल चालवता येते, ढकलगाडी धरून वाकून चालता येते, पण ताठ उभे राहवत नाही. पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या तरी चालताना पोटऱ्या दुखतात, पण तिथे नुसते थांबून उभे राहिले तरी आराम पडतो. एवढा एक प्रश्न विचारला तरी निदानाला बरीच मदत होते.

या आजाराचे नीट वर्णन डच शस्त्रवैद्य हेंक व्हर्बीस्ट यांनी १९५४ मध्ये केले, म्हणजे ईस्टमन यांच्या मृत्यूनंतर २२ वर्षांनी. आज एमआरआयमध्ये ही पोकळी दिसते. अनेकांना व्यायाम, फिजिओथेरपी आणि वेदनाशामक औषधांनी पुरेसा आराम मिळतो. ज्यांना मिळत नाही त्यांच्यातील निवडक रुग्णांना नसांवरचा दाब कमी करणारी शस्त्रक्रिया उपयोगी पडते. पाऊल लुळे पडू लागले, जांघेत बधिरपणा आला किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटला, तर मात्र वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

दुसरा भाग मनाचा. जुनाट वेदना आणि नैराश्य एकमेकांना धरून येतात. आपल्याकडे घरातले आजोबा गप्प झाले, जेवण कमी झाले, पहाटे तीनला जागे होऊ लागले, तर वय झाले असे म्हणून आपण सोडून देतो. आता माझे काय राहिले, मी तुम्हाला ओझे झालो, असे ते बोलू लागले किंवा एकाएकी कागदपत्रांची निरवानिरव करू लागले, तर ती हसण्यावारी नेण्याची गोष्ट नाही. जीव नकोसा वाटतो का, असे सरळ आणि प्रेमाने विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही. उलट मनातले बोलायला वाट मिळते. वृद्धांमधील नैराश्य उपचारांनी बरे होते. केंद्र सरकारची ‘टेली मानस’ ही सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीतही उपलब्ध आहे.

येत्या सुट्टीत आई-वडिलांना घेऊन कुठे जाणार असाल, तर कॅमेरा छोटाच घ्या, म्हणजे एक हात त्यांना धरायला मोकळा राहील. फोटो काढताना जरा लक्ष ठेवा: ते चालता चालता वारंवार थांबतात का, वाकून काठीवर भार देतात का, पायरी दिसली की बसायला जागा शोधतात का. सुट्टीहून परतल्यावर फोटो बघायच्या आधी त्यांना एकदा दवाखान्यात घेऊन या.